घोडा

डोंगा अर्ध्यात आला की दुधराम म्हणतो,
"सांगा ना जी मास्तर, त्या चीनवाल्याचं."
मी पुन्हा सांगतो श्यांग यूची गोष्ट:
तीन पायांचा काशाचा हंडा एकट्यानं उचलणारा
वेढ्यात सापडला. रात्री शत्रूच्या छावणीतून
त्याच्याच मुलखाची गाणी आली, चहूकडून,
आणि शिपाई एकेक उठून गेले अंधारात.

दुधराम वल्हं थांबवतो.
"आपल्या दंडारीची चाल कोनी पल्याडून धरली
त मी बी उठन बापा."

मग नदी. एकच नाव, एकच नावाडी.
बसा म्हणाला, पल्याड तुमचंच राज्य.
तो हसला.
आठ हजार पोरं नेली होती तिकडून,
एक परत आणलं नाही,
त्यांच्या आयांपुढे कुठल्या तोंडानं उतरू?
घोडा तेवढा नावाड्याला दिला
आणि पायीच मागे वळला, तलवारी होत्या तिकडे.

वर्गात पोरं इथे टाळ्या वाजवतात.
दुधराम नव्या पुलाच्या खांबांकडे बघतो.
तीन उभे, चौथ्याच्या नुसत्या सळया.

"मरनाऱ्याचं सोपं असते जी.
नावाड्याचं सांगा.
एवढा घोडा, मालकाकडं मान वळवून खिंकाळते,
एकल्यानं कसा उभा ठेवला डोंग्यात?
अन् त्या काठावर बाया आल्या असतीन
आपापलं पोरगं पाहाले.
त्याइले काय सांगतलं त्यानं?"

मला ठाऊक नाही.
डोंगा रेतीला लागतो, मी चपला हातात घेऊन उतरतो.

परतीला तो एकटाच.
एका कडेला रेलून वल्हवत जातो,
दुसऱ्या कडेला काही जड उभं असल्यासारखा.