दोन बोटं वर

अठरा वर्षं ती बोट डावीकडे कललेली होती.
किंचित. सांगितल्याशिवाय कळणार नाही इतकी.
ओल्यांवच्या धक्क्यावरून मी पहिल्यांदा तिच्यात उतरले,
पेन्सिल टेबलावर ठेवली,
तर ती आपली आपण गडगडत कोपऱ्यात गेली.
"तिकडेच जातं सगळं," वीबे म्हणाला,
"लिंबं, चष्मा, गोळ्यांची डबी. शोधावं लागत नाही."

बोटीचं नाव ग्रुटो.
म्हणजे त्याच्या गावाकडचा लांब चोचीचा पक्षी,
जो थंडीत आमच्याच चिखलात येऊन किडे वेचतो.

डाव्या बाकाखाली चार बॅटऱ्या, शिशाच्या.
एकेकीचं वजन, माझा भाऊ तिसरीत होता तेव्हा त्याचं होतं तेवढं.
टोकांवर हिरवट बुरा, घशाशी आम्लाचा वास.
झेफरिनो वरून दोर ओढी, मी खालून खांदा लावी,
आणि चौथी निघाली तेव्हा
बोटीनं काहीतरी केलं. उसासा म्हणणार नाही.
पायाखालची फळी हलली, एवढंच.

नवे सेल निळे, विटेएवढे. तेही चारच.
आधी दोन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी,
हळूहळू भरत.
आई विचारी, ताटं कुठं मांडू?
मी म्हणे, थांब,
चौघांची पातळी एक झाल्याशिवाय
एका दावणीला बांधता येत नाहीत.
एक उपाशी राहिला, एक जास्त जेवला, की घात.
आई म्हणाली, हे मला नको सांगूस,
मी पाच वाढवलेत.

मग डोलकाठीच्या पायाशी, बरोबर मध्यावर, त्यांची पेटी.
अंगठ्याएवढ्या जाड तारा, फ्यूज,
आणि मागच्या कमानीवर दोन काळी पॅनेलं.
त्यांच्यावर डोलकाठीच्या तारेची सावली पडत होती, सुतळीएवढी.
वीबे हसला: एवढीशी तर आहे.
सावली सुतळीएवढी असली, बाबा,
तरी सुतळीएवढंच खात नाही.
कमान वीतभर सरकवली. अख्खी दुपार त्यात गेली.

बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला:
तीनशे बारा. मग सीगल बसला. दोनशे चाळीस.
फ्रिज गुणगुणायला लागला.
वीबेनं इंजिनाच्या किल्लीकडे हात नेला, सवयीनं,
आणि तो तसाच खिशात घातला.

संध्याकाळी होडीतून त्यानं बाहेरून पाहिलं.
डाव्या अंगाला शेवाळाची जुनी दाढी
पाण्याच्या वर आली होती.
त्यानं हात लावून मोजलं. दोन बोटं.
पंचाण्णव किलो, मी म्हणाले. ऐटीत म्हणाले.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला, डोळे सुजलेले.
"झोप नाही."
आवाज येतो का? नाही.
काही तापतंय? नाही.
"लिंबू," तो म्हणाला,
"टेबलाच्या मधोमध बसून राहतं. रात्रभर. माझ्याकडे बघत."
अठरा वर्षं डावा खांदा लाकडाला टेकून झोपलेला माणूस;
आता अंथरूण सपाट,
आणि चष्मा कुठंही असू शकतो.

याच्यावर माझ्याकडे तार नव्हती.

पुढच्या आठवड्यात गेले तर डाव्या बाकाखाली
मिठागरातल्या मिठाची तीन पोती.
मीठ! विजेच्या बोटीत!
मी इतकी ओरडले की शेजारच्या बोटीतला कुत्रा उठला.
शेवटी निळी पिंपं आणली, झाकणाला रबर लावलं,
पोती त्यांत कोंबली.
पिंपं मी दिली. बिलात लिहिली नाहीत.

सप्टेंबरात ग्रुटो बाहेर पडली, कॅनरीकडे.
झेफरिनोनं विचारलं, त्यातली कुठली?
खाडीच्या तोंडाशी वीसेक काठ्या होत्या.
मी म्हटलं, ती बघ,
जरा डावीकडे कान दिल्यासारखी.