भोकं

सोमवारी मुलं वाळूत पळायला जातात
तेव्हा पिंजरा माझा.
आत मी, एक स्टूल, काळ्या दोऱ्याचं रीळ,
आणि नवऱ्याची लाकडी सुई.

बाप, नवरा, दीर, तिघांची जाळी सांधली मी.
घरी परतलेल्या जाळ्याला सगळे विचारतात, काय मिळालं?
या जाळ्याला कुणी विचारत नाही.
चेंडू येतो, धडकतो, खाली लोळतो,
संध्याकाळी पुन्हा बादलीत.
दिवसाला हजार-दोन हजार,
आणि एकही कुठे पोचत नाही.

प्रशिक्षक लिबोरियो म्हणतो, आवाज ऐका,
बॅटचा आवाज सांगतो चेंडू कुंपणापार गेला असता की नाही.
मी एका कानानं बहिरी.
मी भोकं वाचते.

डावीकडे, कमरेएवढ्या उंचीवर, एकावर एक:
रामसेस. घाईचा पोरगा, जेवतोही तसाच.
वर, छतालगत, विखुरलेली:
मोकाहून आलेला नवा. बॅट चेंडूखालून काढतो,
पण मी कोण सांगणारी.
आणि समोर मधोमध, पंजा ठेवला तर झाकेल
एवढ्याच जागेत
झिजून झिजून सुतासुताचं झालेलं:
येल्फ्री.

ती जागा मी एका वर्षात अकरा वेळा सांधली.
शेवटी दुहेरी दोरा घातला. तोही गेला.

जुलैत टोपीवाले तिघे आले.
पिंजऱ्यात त्याला पाहून एकानं दुसऱ्याला कोपर मारलं.
मग बाहेर नेऊन पळवलं, घड्याळ लावून.
पिंजऱ्यात पाय कुठे कळतात?
रामसेसला घेऊन गेले.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला.
मधली माझी गाठ कोरीच राहिली,
वर समुद्राचं मीठ चढलं.
एवढं चांगलं काम कधी टिकलं नव्हतं माझं,
आणि मला ते बघवेना.

काल आला. खांद्यावर मामाच्या होडीचं जाळं,
ओलं, खवल्यांचं, वास मारणारं.
"दोन्या मिरेया, फाटलंय."

मांडीवर पसरलं. भोक डोक्याएवढं,
दोरे बाहेरच्या अंगाला पिंजलेले.
म्हणजे आत होतं काहीतरी, आणि गेलं.
"केवढा होता?"
त्यानं हात पसरले. माझ्याकडे पाहिलं.
आणखी थोडे पसरले.

मासेमारीला लागून तीन महिने,
आणि थापा अगदी कोळ्यासारख्या.

धर हे टोक, म्हटलं. ताणून धर.
असा नाही रे, गुडघे वाकव,
आत उभा राहायचास ना,
तसा.