पाय काढल्याचं गाडीला कळावं म्हणून

चावी फिरवली तर टक टक टक टक,
डब्यात चिंचोके खुळखुळावेत तसं.
सोहारमधले सकाळचे सव्वासहा.
काचेवर दमट धूळ,
मागच्या सीटवर तीन पोरं, त्यातलं एकच माझं.

नवरा दुकुमला, बंदरावर, महिन्यातून चार दिवस घरी.
म्हणून आप्पांना फोन.

आप्पा मिरज डेपोत एकतीस वर्षं.
इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ दातांत धरायचे,
बेअरिंगचं दुखणं त्यांना जबड्यातून कळायचं.
आता डाव्या कानानं काहीच येत नाही, उजव्यानं थोडं.
"ऐकव की," म्हणाले.
मी फोन बॉनेटखाली धरला.
पलीकडे त्यांनी तो हनुवटीला लावला असणार.

"एकच टक येतोय, का लई?"
लई.
"मग स्टार्टरला शिव्या नकोत.
एकच आला असता तर म्हटलं असतं,
पान्यानं हळू ठोक त्याच्या पाठीत.
ही उपाशी हाय. रात्री काय चालू ठेवलंतंस?"

काहीच नाही, मी म्हटलं.
जरा लागटच म्हटलं.

समोरचे खमीस फजरहून येऊन दारातच उभे होते,
हातात खजुराची वाटी.
"सिस्टर," त्यांच्या हिंदीत, "पीछे का लाल बत्ती. पूरा रात."

हे आप्पांना सांगितलं.
मिरजेत कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग म्हणाले, "पेडलखाली बघ. मॅटवर."

मॅटवर पिवळट तुकडे,
फुटाण्याची सालं सांडावीत तसे.
असलेच गेल्या आठवड्यात मी झटकले होते
आणि मुलीला ओरडले होते, गाडीत काय खाल्लंस म्हणून.
"मी नव्हतंच सांडलं," मागून आवाज आला.

पेडलच्या दांडीवर प्लॅस्टिकची एक गुंडी असते.
पाय उचलला की ती स्विचचं नाक दाबते, दिवा विझतो.
आठ उन्हाळे बंद काचांत भाजून तिचा भुगा झाला होता,
आणि रिकाम्या पार्किंगात रात्रभर
गाडी समजत राहिली
अजून कुणीतरी ब्रेकवर पाय देऊन बसलंय.

"बोल्ट घाल तिथं. बारका, रुंद डोक्याचा."
घरात बोल्ट कुठला.
इस्त्रीच्या टेबलाचा काढला.

डोकं पेडलांपाशी, पाय दाराबाहेर,
गाऊनवर घातलेली ओढणी हँडब्रेकात अडकलेली.
पोरांची करमणूक झाली.
मुलगी मागे उभी राहून ओरडत होती,
"गेला! आला! आला, आई! गेला!"
शेवटचा गेला खरा निघाला.

खमीसनी पिकअप नाकाला नाक लावून आणला.
लाल लालला. काळी मात्र बॅटरीला नाही,
इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.
हे आप्पांनी तीनदा सांगितलं
आणि खमीसनी न ऐकताच तसं केलं.

"थांब. आधी ब्रेक बघू.
बंद गाडीत पाचसा वेळा दाब.
दगड झाला? आता दाबूनच ठेव, आणि मार चावी."

इंजिन घरघरलं, धरलं,
आणि पायाखालचं पेडल बोटभर खाली गेलं,
जड पिशवीचा दुसरा बंद कुणी हातात घ्यावा तसं.
"बसला?"
बसला.
"मग ब्रेक बरा हाय. पण बोल्ट जुगाड हाय, ध्यानात ठेव.
आठवड्यात नवी गुंडी टाक."

सनाइयात मिळेल, दोनशे बैसात.
तोवर इस्त्रीचं टेबल लंगडतंय,
नवऱ्याचे शर्ट पलंगावर.

शाळेची घंटा चुकलीच.
फोन मी डॅशबोर्डवर तसाच चालू ठेवला.
राउंडअबाउट ओलांडून रस्ता सरळ झाला,
इंजिनाचा सूर चढला,
आणि आप्पा म्हणाले, "आता तिसऱ्यात घे की."

गाडी ऑटोमॅटिक आहे.
घेते, मी म्हटलं.