डाव्या गालात

एर्झुरूममध्ये साखर चहात विरघळवत नाहीत.
खडा गालात धरायचा,
वरून कडू, कढत घोट.
पन्नास वर्षं रुक्नेत्तिनचा डावा गाल
त्यासाठीच थोडा सैल.

आता डॉक्टरांनी मोडता घातलाय.
मुनेव्वर म्हणाली, मग मीही सोडते.
पाहुण्यांपुरते अकरा खडे
पत्र्याच्या डब्यात, मोजून.

चहा नुसताच उतरतो घशाखाली.
जीभ मात्र सवयीनं डावीकडे जाते,
दार वाजवून परत येते.

रात्री दोनला, बाहेर बर्फ,
तो अनवाणी स्वयंपाकघरात.
नुसतं बघायला, असं स्वतःला बजावत
झाकण उचलतो.

नऊ.

पाहुणे तर कुणीच आले नव्हते.

बराच वेळ उभा.
मग आवाज होऊ न देता
झाकण लावतो,
आणि डाव्या गालात
हसू धरून
तिच्याशेजारी येऊन पडतो.