रिकाम्या रंगाचं भाडं

सावद्याच्या नोडवर मे महिन्यात
दुपारी साडेतीनला एसी बंद पडला
आणि चोवीस नंबरचा रंग
सरकला.

रंग म्हणजे डोळ्यांना दिसणारा नव्हे.
केसाएवढ्या काचेतून चाळीस जण एकदम जातात,
एकालाही लाल म्हणता येत नाही, एकालाही हिरवा.
नावं नाहीत, नंबर आहेत,
आणि दोघांच्या मध्ये अंतर शून्य पूर्णांक चार नॅनोमीटर.
बाहेर शेहेचाळीस डिग्री.
चोवीसचा लेसर तापला, दशांशभर कलंडला
तेवीसच्या अंगावर.

तेवीस म्हणजे फैजपूरची बँक.
तिथं कुणाला काही ऐकू आलं नाही.
काचेत शेजाऱ्याचे शब्द येत नाहीत,
फक्त चुका वाढतात.
खेमचंद फालकचा फोन आला:
ताई, काउंटर चढून राह्यला.

माझ्या बापाच्या काळी तांबं होतं.
डोंगर सीताराम चौधरी, टेलिफोन एक्स्चेंज, यावल.
तारा शेजारी शेजारी झोपायच्या,
एकीचं स्वप्न दुसरीला पडायचं.
एकदा रावेरचा व्यापारी केळीचा भाव सांगत होता,
मधूनच एक बाई बोलली,
"मी नाही येनार आता. डबा पायरीवर ठेवला."
व्यापारी म्हणाला, कोन बोलून राह्यलं?
बापानं पिन काढली नाही.
पुढचं ऐकावं म्हणून थांबला, पुढचं आलंच नाही.
अजून कळण्याची भाकरी मोडताना
मध्येच हात थांबतो त्याचा:
कोनी उचलला असंन तो डबा?

माझ्या नोकरीत असलं काही उरू द्यायचं नसतं.

लॉग उघडला. मार्चमध्ये कुणीतरी
चोवीसची पॉवर तीन डीबीनं वाढवून ठेवलेली.
का, ते लिहिलेलं नाही.
मशीन लावलं, काचेतून प्रकाश सोडला,
परतलेल्या उजेडानं अंतर सांगितलं:
अकरा किलोमीटर सहाशे, हिंगोण्याच्या अलीकडे.
ट्रकनं खांब वाकवलेला, केबल
मुठीत धरल्यासारखी मुरगळलेली.
पुढं ऐकू जात नाही म्हणून मागं आवाज चढवला,
आणि मुरगळ तशीच.

बांधावर मुरलीधर झांबरे उभे,
टॉर्च आमच्यावर धरून.
काय करून राह्यले रात्रीचं?
सांगितलं, जमेल तसं.
ते म्हणाले, म्हंजी लागवडीचं अंतर.
पाच बाय पाचवर पानं पानाला घासतात,
वारा आला की दोघांची चिंधी.
अन् एकालाच जास्त खत घातलं
त बाजूच्याचं ऊन जातं.
मग विचारलं, माझ्या मोबाइलला रेंज कव्हा येनार?
ते आमच्याकडे नव्हतं.

वळण मोठं करून केबल बांधली.
नोडवर येऊन टोकं स्पिरिटनं पुसली, एकेक,
सुईच्या टोकावरच्या धुळीलाही प्रकाश अडखळतो.
एसी सुरू, लेसरचं कार्ड नवीन.
पॉवर उतरवली. तीन डीबी. निम्मा उजेड,
आणि तेवढाच पुरेसा निघाला.
शेवटी चोवीसला उचलून सव्वीसवर बसवलं,
मध्ये दोन खोल्या मोकळ्या.
उद्या प्लॅनिंगवाले विचारतील
रिकाम्या रंगाचं भाडं कोण देणार.
उद्याचं उद्या.

दोन वाजून दहा मिनिटं. काउंटर शून्य.
खेमचंदनं दोनदा रिफ्रेश केलं. शून्य.

बाप गच्चीवर जागाच असणार, फोन लावला.
आता त्याला कमी ऐकू येतं, ओरडून बोलतो,
फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.
झालं का?
झालं.
म्हंजी आता कोनाचंच कोनाले ऐकू जानार नाही?
नाही.
बरं झालं, म्हणाला.
पंख्याची घरघर आली थोडा वेळ, तिकडची का इकडची.
मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं:
त्या बाईले म्या हाक माराले पायजे होती,
लाइनीवर होती ती.

खेमचंद बॅग भरता भरता थांबला.
कोण बाई?