फुसका बार

अठराव्या तबकडीला बार झाला,
पण बार म्हणावा असा नाही.
ओल्या गादीवर कुणी मटकन बसावं, तसा.
भुस्स.
छर्रे वीस पावलांवर बर्फात सांडले,
आणि नारिंगी तबकडी, अंगाला ओरखडा नाही,
रमतगमत झुडपांमागे उतरली.

मी कागदावर शून्य काढलं.
बावीस वर्षं गुण लिहितेय या क्लबात,
शून्य काढताना हात अडत नाही माझा.
वाल्दीचं मात्र जरा लहान काढलं.

"नळी बघ आधी!" डेलॉर्म ओरडला.
वाल्दीने बंदूक मोडली, आकाशाकडे धरली,
एक डोळा मिटून आरपार पाहिलं.
अडकलं नव्हतं काही.
फक्त न जळलेली दारू, हिरवट दाणे,
तळहातावर झटकली, तर तिळाएवढी.
ती त्याने फुंकली नाही.
रुमालात बांधून घरी नेली,
दुधाचा दात न्यावा तशी.

मग आठवडाभर ज्याला त्याला अक्कल फुटली.
ओस्ताप म्हणाला, थंडी. उणे चोवीसला
माणूस पेट घेत नाही, दारूचं काय घेऊन बसलास.
डेलॉर्म म्हणाला, टोप्या सर्दावल्या तुझ्या,
तळघर आहे की विहीर?
कुणी म्हणालं, त्याच त्या नळ्या नवव्यांदा भरतोस,
चिकटपणाला काही हद्द?

वाल्दीने सगळ्यांचं ऐकलं.
टोप्या नव्या आणल्या. नळ्या नव्या.
दारू तोलताना श्वास रोखून धरला,
कारण तो तराजू श्वासानेही डुलतो.
काडतुसं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली,
उबवायला घातल्यासारखी.
शनिवारी पंचवीसपैकी चार
भुस्स.

सोमवारी मी हिशेबाची वही घेऊन गेले.
सोबत मनुकांच्या थरांचा केक, अर्धा,
(उरलेला मीच खाल्ला होता).
तळघराच्या पायऱ्यांवरूनच दिसलं:
दिव्याखाली वाल्दी, हिरवं यंत्र, त्याचा लांब दांडा.
दांडा खाली येतो, येतो, येतो,
आणि शेवटच्या बोटभर अंतरावर
उजवा खांदा थांबतो.
ऑक्टोबरात कापला होता तो. तिथे श्वास सुटतो त्याचा,
आणि दांडा वर जातो.

मी एक काडतूस उचललं.
तोंडाच्या सहा पाकळ्या मिटलेल्या, म्हणजे जवळजवळ.
मधोमध मोहरी जाईल एवढं भोक.
मला बंदुकीतलं फारसं कळत नाही,
पण एवढं कळतं की दारूला कोंडावं लागतं.
तोंड मोकळं राहिलं तर ती नुसतीच कुरकुरत जळते,
ढकलत नाही कुणाला.

हात आखडता घेतोयस, असं ओठांवर आलं होतं.
म्हणाले, "दांडा घट्ट झालाय का रे?"

त्याने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"एकाहत्तर साली घेतलं हे.
तेव्हापासून लोण्यासारखं चालतंय."
जरा वेळाने, टोप्यांची डबी मिटत:
"आणि माझी शून्यं तू लहान काढतेस.
दिसतात मला."

मी केकवरचा कागद सारखा केला.

तो उठला. स्टूल पायाने मागे सारलं.
दांड्यावर दोन्ही हात, वर छाती, वर पोट,
सत्त्याहत्तर वर्षांचं सगळं वजन,
आणि एक शिवी, आजीच्या बेटावरची,
जिचा अर्थ त्यालाही ठाऊक नसावा.
कट् झालं.
भोक मिटलं.
"चोवीस राहिली," तो म्हणाला. "केक काप."

शनिवारी उणे सव्वीस.
पहिलाच बार असा फुटला
की पार्किंगमधलं कुत्रं गाडीखाली शिरलं,
ओस्तापने टोपी काढून कान चोळला.
तबकडी अखंड गेली, झुडपांमागे.
नेम चुकला होता. निव्वळ नेम.

मी शून्य काढलं, चांगलं गरगरीत.
वाल्दी वाकला, कागद पाहिला,
आणि समाधानाने
पुढचं काडतूस भरलं.