दोन फण्या

आमच्या एजन्सीत वजनकाटा नाही.
माल सगळा हवेनं फुगलेला,
अख्खं खोकं दोन बोटांनी ढकलावं.
म्हणून मी चढलो सावद्याजवळ, बांधावरच्या
केळीच्या काट्यावर.
सुभान तडवीची टोळी घड उतरवत होती.
त्यानं डोळे बारीक करून आकडा वाचला:
शहाण्णव.
"शेठ, चार घड भरले,
आणि दांडा कापायचा राहिलाय."
टोळी हसली. मीही हसलो,
पोट जरा उशिरापर्यंत हसत राहिलं.

बारा वर्षं ही लाइन माझी:
भुसावळ, फैजपूर, सावदा, निंभोरा, रावेर.
खिळ्याला माळ टांगायची, पाच रुपयेवाली;
संपली की तिथंच दुसरी.
डबा सीटखाली, झाकण न उघडलेला,
आणि हात मागं, फाटक्या खोक्यात.
डॅमेज माल कंपनी परत घेत नाही.
मी घेतला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहिली नाही.
म्हणाल्या, पाकीट उलटं धरा, वाचा.
जे तुमच्या चुलीपाशी कधी आलं नाही
ते तोंडाशी नेऊ नका.

त्या रात्री टेम्पोतल्या दिव्याखाली
मागची बाजू पहिल्यांदा पाहिली.
मुंगीएवढ्या अक्षरांत आकडे:
सहाशे सत्तावीस, सहाशे एकतीस, तीनशे तीस.
आम्ही भुसावळचे. आकडा दिसला की गाडी आठवते.
बाप पॉइंट्समन होता, झोपेतून उठवून विचारा,
कुठली अप, कुठली डाउन, किती लेट.
या गाड्या त्यालाही सांगता आल्या नसत्या.
एवढंच कळलं,
सगळ्या माझ्यात येऊन उभ्या आहेत
आणि पुढचा सिग्नल पडलेला नाही.

पहिला आठवडा वाईट.
दुपारी चारला हात आपोआप मागं जायचा
आणि परत यायचा, उधारी न मिळालेल्या
वसुलीच्या पोरासारखा.
कुमुदवर ओरडलो, भाजी सपक म्हणून.
ती म्हणाली, मीठ तेवढंच आहे,
जीभ बदलून आणा.

सतरा दिवस लागले.
अठराव्या दिवशी बामणोदचं वांगं,
पऱ्हाटीच्या जाळावर काळं केलेलं,
कळण्याची भाकरी, कच्ची कांद्याची पात.
मला धूर लागला. चव म्हणून, धूर.
भाकरीत उडीद वेगळा कळला, ज्वारी वेगळी.
दोनच खाल्ल्या. पोट स्वतःहून बास म्हणालं;
त्याचा आवाज मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

तरी लाइन तीच. सांगायला लाज वाटते.
काल निंभोऱ्याला, लीलाधर भंगाळेच्या दुकानात
माळ टांगत होतो. एक पोरगी,
मुठीत घामेजलेलं नाणं,
"काका, यातलं कोनतं चांगलं लागतं?"
लीलाधर माझ्याकडे बघत होता.
टार्गेटला अकरा दिवस उरलेत.
मी म्हटलं, "लाल."
शेंगदाणे घे, बरणीतले, हे पण म्हटलं,
पण टेम्पो वळवल्यावर, काचेला.

आज पुन्हा चढलो काट्यावर.
एक्क्याण्णव.
"दोन फण्या कमी, शेठ," सुभान म्हणाला,
"कोणाला दिल्या?"
टोळी हसली. या खेपेला मी नाही.

त्यानं एक केळं पुढं केलं,
झाडावरच पिकलेलं, डागाळलेलं,
व्यापारी नाकारतात तसलं.
मी सवयीनं उलटं करून पाहिलं.
मागं काहीच लिहिलं नव्हतं.
उभ्यानंच खाल्लं, साल बांधावर टाकली.
मग रावेरपर्यंत
मागच्या मागं पाकिटं कुजबुजत राहिली,
प्रत्येक खड्ड्याला जरा मोठ्यानं.